आठवा लागला

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, पूनमला नाही — आणि पूनमला तर मी दाढ दुखली तरी सांगते. आत्ताही टाइप करतेय आणि सारखं मागं जाऊन खोडतेय, जे मी कधी करत नाही. माझी बोटं लय फास्ट चालतात. फुशारकी नाही मारत — म्हणजे आधी मारायचे, खूप मारायचे — थांब, नीट सांगते.

कराडातल्या एका हॉस्पिटलात मी रेकॉर्डला आहे. काम काय, तर पेशंटची फाइल वाचायची, आजाराचा कोड शोधायचा आणि कॉम्प्युटरमध्ये टाकायचा. दिवस भरायच्या आधी आलेल्या बाळांचा कोड 'पी झिरो सात'नं सुरू होतो. मला तो आवडायचा. हसू नकोस! त्या फाइली आणायला वर जावं लागायचं, आणि वर गेलं की काचेतून ती बाळं दिसायची. संत्र्याएवढी डोकी, त्यावर लोकरीच्या टोप्या.

कोडबरोबर आठवडे भरायचे — बाळ पोटात किती आठवडे होतं ते. एवढासा आकडा. पण आमच्याकडं त्याच्यावर सगळं चालायचं. चौतीसच्या आतलं बाळ असलं की कॉम्प्युटर आपोआप त्याचं नाव डोळ्यांच्या यादीत टाकायचा, आणि घरी जाताना मिळणाऱ्या कार्डावर ओळ छापायचा — महिन्याच्या आत डोळे तपासून घ्या. कारण लवकर आलेल्या बाळाच्या डोळ्याचा पडदा कच्चा असतो. वेळेत बघितलं तर वाचवता येतो. वेळ गेली की मग काय उरतं? हे मला माहीत होतं. पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं. मी वहीत लाल पेनानं लिहूनही घेतलेलं.

आता ती फाइल.

माण तालुक्यातलं कुटुंब. बाळाचे वडील मुंबईला कामाला, आईही तिथंच असायची. ती गावी आली आणि आठच दिवसांत अचानक कळा सुरू झाल्या. सोनोग्राफीचे सगळे कागद मुंबईच्या खोलीवर. मुलगी झाली, तिला गाडीत घालून आमच्याकडं आणली. बरोबर फक्त सासू — हौसाबाई. नर्सनं तिलाच विचारून भरतीचा कागद भरला. आठवड्यांची चौकट रिकामीच राहिली.

चौकट रिकामी असली तर काय करायचं? पिवळी चिठ्ठी भरायची, डॉक्टरांकडं वर पाठवायची, ते बाळाला बघून आकडा सांगतात. संध्याकाळपर्यंत उत्तर येतं, कधी दुसऱ्या दिवशी. तोवर फाइल तुझ्या टेबलावर पडून.

पूनम माझ्या शेजारच्याच टेबलावर बसते, आणि त्या दिवशी तिची आणि माझी शर्यत होती. ट्रे आधी कुणाचा रिकामा होतो. हरेल तिनं जिना उतरून चहा आणायचा. हो, एवढंच. चहा. माझ्या ट्रेमध्ये ती एकच फाइल राहिलेली आणि पूनमच्या दोन. मी नर्सचं अक्षर बघितलं. आठवा महिना — म्हणजे आठ महिने — म्हणजे पस्तीस आठवडे. टाकलं. "झालं गं माझं!" म्हणून दोन्ही हात वर केले. पूनम म्हणाली, "बया, तुझ्या बोटांना काय इंजिन बसवलंय काय?" मला कसलं भारी वाटलं.

कार्ड छापून गेलं. त्यावर डोळ्यांची ओळ नव्हती. डॉक्टरांनी सही केली, बघितलं नाही. पण ते त्यांचं. मी माझं सांगतेय.

साधारण चार महिन्यांनी ते लोक परत आले. पोरगी खुळखुळ्याकडं बघत नव्हती. आवाजाकडं वळायची, उजेडाकडं नाही. तिला सांगलीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडं पाठवलं. डावा डोळा गेलेला. उजव्याचं ऑपरेशन झालं, त्यातनं अंधार-उजेड कळतो. पुढं किती दिसेल, कोण सांगणार?

आमच्या रेकॉर्डच्या मॅडमनी मला फाइल घेऊन खाली बोलावलं. दुपारचे बारा असतील. खोलीत हौसाबाई, तिची सून, सुनेच्या मांडीवर पोरगी. मॅडमनी विचारलं, "पस्तीस कुठनं आले गं?"

मी म्हणाले, "नातेवाइकांनीच आठवा महिना सांगितला होता, मॅडम. हे बघा, लिहिलंय." आणि कागद पुढं धरला.

सगळ्यांना एवढंच माहीत आहे — म्हातारीनं महिना चुकीचा सांगितला. एवढ्यावरच मिटलं ते. आणि मी आतापर्यंत तुलाही तसंच सांगत आले की नाही? आठवा महिना. बघ, अजूनही बोटं तिकडंच वळतात.

कागदावर 'आठवा महिना' नव्हतं. कागदावर होतं — 'आठवा लागला'.

लागला म्हणजे सुरू झाला. म्हणजे सात पुरे झालेत, आठ नाहीत. तीस-एकतीस आठवडे. आमच्या सगळ्या भागात दिवस असेच मोजतात. शहरातल्या कुणाला कळलं नसतं तर समजून घेता आलं असतं. पण मी मेढ्याची! माझ्या ताईला नववा लागला तेव्हा आईनं जीप सांगून तिला घरी आणलेली, मी स्वतः पुढच्या सीटवर बसलेले. मला 'लागला' कळत नाही?

आणि मॅडमपुढं कागद धरला तेव्हा माझा अंगठा त्या शब्दावर होता. चुकून नव्हता. मी आधी जिन्यात उभी राहून कागद बघितला होता, शब्द कुठं आहे ते शोधलं होतं, आणि मग अंगठा ठेवला होता. मॅडमनी वाकून 'आठवा' वाचलं आणि मान हलवली.

हौसाबाईला वाचता येत नाही. तिनं कागदाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मी नुस्तं आठवा म्हनले व्हय? आवं, लागला म्हनले असंल की..."

असंल. तिचा स्वतःवरचा विश्वास माझ्या डोळ्यांसमोर सुटला. मी अंगठा उचलला नाही.

सून एवढंच म्हणाली, "आत्या, नीट सांगायचं न्हाई व्हय वो?" आणि पोरगीला घेऊन तोंड फिरवून बसली.

"चुकलं बया माझं," हौसाबाई म्हणाली. सुनेला नाही — मला. मला म्हणाली! जणू तिनं माझंच काम बिघडवलं होतं.

त्यानंतर त्या तपासणीला येत राहिल्या. सून आणि सासू एका बाकावर बसतात, मधे पिशवी. हौसाबाई शेजारी बसेल त्या बाईला सांगते, "माझ्या तोंडानं घात केला नातीचा. तुमी नीट सांगा बायांनो." मी फाइली घेऊन तिथनं जाते. जिना दुसरा आहे, लांबचा. त्यानंही जाता येतं, पण तिकडनं गेले तरी मला ऐकू येतंच.

गेल्या सोमवारी नावनोंदणीची मुलगी आली नव्हती, म्हणून मला खिडकीत बसवलं. हौसाबाई पोरगीला खांद्यावर घेऊन समोर आली. मी मान वर न करता विचारलं, वय?

तिनं बोटांची पेरं मोजली. परत मोजली. मागं रांग वाढली, कुणीतरी "आवं आज्जी, उरका की" म्हणालं, तरी ती मोजत राहिली.

"आठवा लागलाय," म्हणाली. "म्हंजी सात सरलं. आठ न्हाई बग — सात. लिवलंस का पोरी? वाचून दाखीव."

मी वाचून दाखवलं. सात.

"हां," ती म्हणाली. "आता बरुबर." पोरगीनं माझ्या आवाजाकडं मान वळवली.

ती जुनी फाइल खालच्या खोलीत, रॅकमध्ये आहे. तिसरं पान, निळ्या पेनानं, दोन शब्द. दोन्ही शब्द मी शर्यतीच्या दिवशीच वाचले होते.