आखाजीच्या दिवशीची लस

पाचोऱ्याजवळच्या गावात एकोणीस वर्षं आरोग्य खात्याच्या आशाताई असलेल्या लताबाईंना त्या दिवशी शाळेत नुसती सही करायला बोलावलं होतं. केजीत दाखल होणाऱ्या पोरांची लसीकरणाची कार्डं टेबलावर पडली होती. त्यातली अकरा कोरीकरकरीत, एकाच पेनानं, एकाच हातानं भरलेली. गोवराचा दुसरा डोस सगळ्यांना एकाच दिवशी, २२ एप्रिल २०२३ ला!

लताबाईंना शिसारी आली. तो दिवस आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा. आखाजीला खानदेशातली सून सासरी सापडत नाही. पोरंबाळं घेऊन माहेरी झोके खेळते. लस द्यायला गावात होतं कोण?

"हे कोणी भरलं?"

"मीच," शाळेचा क्लार्क पंडित म्हणाला. "लोकांनी कार्डं हरवली. कार्डाशिवाय फाइल पुरी होत नाही, अक्का. तारखेचं एवढं काय मनावर घेता?"

खोटं करायचं ते करायचं, वर कॅलेंडर बघण्याचीही तसदी नाही! सही न करता लताबाई उठल्या. अकरातलं एक कार्ड, ज्या घरी त्या नेहमी चहाला टेकत त्या घरच्या ऋतिकाचं होतं. तिला दुसरा डोस मिळाला नसेल तर या भरलेल्या कार्डावर पुढे कुणी देणारही नव्हतं, आणि शेजारच्या गावात तर गोवर निघाला होता. त्या तडक तिच्या घरी गेल्या. आई डिंपल केळीचे वेफर तळत होती.

"डिंपल, ऋतिकाले गोवरनी दुसरी सुई देल शे का?"

"कार्डवर बठ्ठं भरेल शे ना, अक्का?"

"कार्ड जाऊ दे चुलीमा. तू सांग."

डिंपलनं झारा खाली ठेवला. "मी तवय दोंडाईचाले माहेरले व्हतू. तठली नर्सबाई म्हने, तुन्हा गावले घे. आठे उनू, त तुम्ही काही बोलन्या नहीत. मन्हा मनमा उनं, गरज नसी."

म्हणजे माहेराहून परतल्यावर तिला लशीचं कुणी विचारलंच नव्हतं. लताबाईंनी पिशवीतून आपली डायरी काढली. पंडितच्या तोंडावर आपटायला हाच पुरावा, असं त्या वाटभर घोकत आल्या होत्या. ऋतिकाची ओळ सापडली. दुसऱ्या डोसाच्या रकान्यात त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'माहेरी घेतला.'

कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. पोरगी गावात नव्हती, महिनाअखेरीला रकाना रिकामा दिसत होता, वरून तगादा होता. पंडितनं निदान शाळेच्या खुर्चीत बसून खोटं लिहिलं. आपण तर याच ओट्यावर चहा पीत लिहिलं असेल, या विचारानं त्यांना स्वतःची किळस आली.

"नही देल," त्या कशाबशा म्हणाल्या. "मन्हीच चूक शे. मंगळवारले पोरले लई ये."

मग तिथेच बसून त्यांनी डायरी पहिल्या पानापासून चाळली. 'माहेरी घेतला' तेवीस वेळा लिहिलेलं होतं.