परिचयार्थ, सस्नेह

कुमारांसाठी लिहिलेली नवी कादंबरी हातात आली की मी आधी शेवटचं पान उघडते. सवय वाईट आहे, पण वेळ वाचतो. शेवटच्या पानावर मुलगा आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडत असेल आणि खरं सुख कशात असतं ते त्याला कळलेलं असेल, तर मधली दीडशे पानं मी न वाचता सांगू शकते. मोबाइल असणार. मोबाइलपायी बिघडलेली मुलं असणार. त्यांना सुट्टीत गावाला पाठवलेलं असणार आणि तिथे वाक्यागणिक सुविचार टाकणारे एक आजोबा असणार. चौदा वर्षांची पोरं त्यात 'होय आजोबा, आता आम्हाला उमगले' असं बोलतात. मला या सगळ्याची शिसारी येते. कंटाळा म्हटलं तर फारच सौम्य होईल.

मी तशी साहित्यातली नव्हे. वागळे इस्टेटमधल्या एका औषध कंपनीत पॅकिंगच्या तपासणीवर माझी सगळी नोकरी गेली. पट्ट्यावरून माल यायचा, त्यातला खराब बाजूला काढायचा. नापास करण्याचा पगार घेते, असं घरचे चिडवायचे. निवृत्त झाल्यावर ठाण्याच्या एका ग्रंथालयाच्या मासिकात मुलांच्या नव्या पुस्तकांवर लिहायला लागले, आणि तिथे कळलं की या धंद्यात नापास करायची रीतच नाही. परीक्षण कुणालाच नको असतं, 'परिचय' हवा असतो. पुस्तक घरी येतं, पहिल्या पानावर 'परिचयार्थ, सस्नेह' लिहून खाली झोकदार सही. मागोमाग लेखकाचा फोन. आणि फोन ठेवला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक तयार मजकूर, लेखकाने स्वतःच स्वतःवर लिहिलेला. 'ओघवती भाषा', 'संवेदनशील हाताळणी', 'प्रत्येक पालकाने वाचावी अशी'. खाली जागा मोकळी. आपण तिथे नाव घालायचं आणि संपादकांना पाठवून द्यायचं.

पहिल्यांदा असा मजकूर आला तेव्हा मला वाटलं, चुकून आला. घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरमध्ये राहणाऱ्या गृहस्थांचा होता. कादंबरी ग्रामीण जीवनावर. खडवलीला नदीवर सहलीला गेले असतील, तेवढंच त्यांनी पाहिलेलं गाव असावं, कारण त्यांच्या गावात कुणी काम करताना दिसत नव्हतं, सगळे नदीकाठी बसून हसत होते. मी त्यांना फोन करून म्हटलं, तुमचा मजकूर चुकून माझ्याकडे आलाय. ते मनापासून हसले. 'अहो, तुमचाच त्रास वाचवला,' म्हणाले.

माझी स्वतःची एक परीक्षक होती. आमच्या सोसायटीत, डोंबिवलीत, समोरच्या विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहणारी नववीतली मुलगी. मला आजी म्हणायची, पण माझ्याकडून सुविचार ऐकायला कधी थांबली नाही. पुस्तक न्यायची, परत आणायची आणि दारातच निकाल सांगायची. "आजी, फेक आहे. असं कोण बोलतं?" किंवा, "अर्ध्यात सोडलं. लेखकच बोअर झालेला वाटतोय." एकदाच एका पुस्तकाबद्दल काही न बोलता म्हणाली, "हे अजून ठेवू का माझ्याकडे?" त्या पुस्तकाचा परिचय मी आनंदाने लिहिला.

तिच्या बाबांची एक पद्धत होती. मार्क कमी पडले की ते तिला गॅलरीत उभं करायचे, उत्तरपत्रिका छातीशी धरून, दोन्ही विंगच्या लोकांना दिसेल अशी. माझी स्वयंपाकघराची खिडकी नेमकी समोर. पहिल्यांदा ते पाहिलं आणि गॅस बंद करून तशीच त्यांच्या दारात गेले. सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. "शिस्त लावतोय काकू, आमच्या घरातला प्रश्न आहे," असं ते म्हणाले. गॅलरी मात्र त्या दिवसापासून बंद झाली. आत काय चालतं ते मला दिसत नव्हतं. दिसत होत्या त्या मुलीच्या भुवया. अभ्यासाला बसली की तिचा डावा हात भुवईकडे जायचा आणि एकेक केस ओढून काढायचा. वर्षभरात दोन्ही भुवया गेल्या. ती पेन्सिलीने काढायची, बऱ्यापैकी काढायची, आणि वर्गात कुणाला पत्ता नव्हता.

शाळेत एकदा तिने हे समुपदेशक मॅमना सांगितलं. मला येऊन म्हणाली, "मॅम बोलल्या, हे आपल्या दोघींतच राहील." मला बरं वाटलं, कारण त्या मॅम म्हणजे माझी जुनी मैत्रीण. मनाने चांगली, रडणाऱ्या मुलीला जवळ घेणारी बाई. आजही मी तिला वाईट म्हणणार नाही. पण चांगल्या माणसांनी केसाने गळा कापला तर तो कमी कापला जातो, असं काही नाही.

मैत्रिणीची पहिली कुमार कादंबरी आली, तीही 'परिचयार्थ, सस्नेह' होऊन. सवयीप्रमाणे मी शेवटचं पान उघडलं. गच्चीवर एक मुलगी बाबांना बिलगून 'बाबा, मी चुकले' म्हणत होती आणि बाबांचे डोळे पाणावले होते. नेहमीचंच, असं म्हणून मी पहिल्या पानावर आले. थोडं पुढे गेल्यावर हातातला चहा खाली ठेवला. कादंबरीतली मुलगी पेन्सिलीने भुवया काढत होती.

लगेच फोन लावला. "अगं, हे काय केलंस तू?"

"का गं? भाषा नाही का उतरली?"

"भुवया कुणाच्या आहेत या?"

"नाव बदललंय मी. गावही बदललंय. नाशिक केलंय."

"आणि गॅलरी?"

"गच्ची केली."

गॅलरीची गच्ची केली की आपण लेखक होतो, अशी तिची प्रामाणिक समजूत होती. मी ओरडले. ती समजावत राहिली. "अशा कितीतरी मुली असतात, त्यांना धीर येईल. आणि तिलाही मी विसरलेले नाही हं. प्रकाशनाला प्रमुख पाहुण्यांना पुष्पगुच्छ तिच्याच हस्ते देणार आहे. तिचा तेवढाच सन्मान." तिला सांगितलं, त्या मुलीला स्टेजवर चढवलंस तर मी भर सभागृहात उठून बोलेन. माझा स्वभाव तिला ठाऊक आहे. "बरं बाई, दुसरी मुलगी घेते," म्हणाली.

मुलीला मी इतकंच म्हटलं, त्या दिवशी दांडी मार. "हजेरी कंपल्सरी आहे आजी, पूर्ण नववी पाहिजे." तेही खरंच. पुस्तकांच्या प्रकाशनाला माणसं येत नाहीत, म्हणून सभागृह भरायला शाळेची पोरं बसवतात. ज्यांच्यासाठी पुस्तक लिहिलं त्यांचा त्या कार्यक्रमात तेवढाच सहभाग.

प्रकाशन शाळेच्याच सभागृहात झालं. दीपप्रज्वलन, सोनेरी कागद फाडून पुस्तकं छातीसमोर धरणं, फोटोसाठी पुन्हा एकदा धरणं, सगळं यथासांग. पुष्पगुच्छ दुसऱ्या मुलीने दिला. मैत्रिणीने शब्द पाळला म्हणून मी खुर्चीला टेकून बसले. पाहुण्यांनी पुस्तक वाचलेलं नव्हतं हे उघड होतं. खुणेसाठी चिठ्ठी घातलेलं एक पान त्यांनी उघडलं आणि नाट्यमय आवाजात वाचून दाखवलं. ते भुवयांचं पान होतं. पोरं पहिल्यांदाच शांत बसून ऐकत होती.

मग मैत्रीण बोलायला उठली. डोळे आधीच भरून आलेले. म्हणाली, "ही नुसती कल्पना नाही. ती शूर मुलगी आज, आत्ता, या सभागृहात बसलेली आहे. मी तिला वंदन करते." आणि खरंच हात जोडले.

सगळी नववी माना वळवून एकमेकांकडे बघायला लागली. ती चौथ्या रांगेत होती. तिने खाली पाहिलं नाही, ती रडलीही नाही. फक्त तिचा डावा हात उठला आणि भुवई झाकायला गेला. मागच्या रांगेतल्या दोघींनी तो हात पाहिला. पुढचं सगळं टाळ्यांच्या आवाजात झालं.

दुसऱ्या दिवसापासून वर्गात तिचं नाव 'पेन्सिल' पडलं. हे मला तिने सांगितलं नाही, खालच्या मजल्यावरच्या, तिच्याच वर्गातल्या मुलाने सांगितलं. ती माझ्याकडे आली ती आठवडाभराने, पुस्तक घेऊन. शाळेने प्रत्येकाला एक प्रत दिली होती.

"आजी, शेवट वाचलात?"

"वाचला."

"बाबांना खूप आवडलं. गावाला सगळ्यांना पाठवायला अजून मागवलीत. मला म्हणाले, बघ, शेवटी तिला कळलं की नाही."

तिने पुस्तक टेबलावर उलटं ठेवलं. "मी मॅमना सगळं सांगितलेलं. पण सॉरी असं मी कुठे बोललेच नव्हते. ते त्यांनी कुठून आणलं?" नंतर दारात चपला घालताना विचारलं, "तुम्ही यावर लिहिणार ना? मग तेवढं लिहा."

मी लिहिलं. मुलीचा, शाळेचा, डोंबिवलीचा उल्लेख येऊ दिला नाही. पुस्तकातल्या मुलीबद्दलच लिहिलं आणि सगळं लिहिलं. मग संपादकांचा फोन आला. गोड बोलणारे, वयस्कर गृहस्थ. "मॅडम, लेखन धारदार आहे, पण आपल्या मासिकाची परंपरा परिचयाची आहे. थोडं मवाळ करता येईल का?" मी म्हटलं, जसंच्या तसं छापा, नाहीतर छापू नका. "बघतो," म्हणाले.

अंक आला. माझ्या पानावर माझं नाव होतं आणि नावाच्या वर 'ओघवती भाषा', 'संवेदनशील हाताळणी' होती. 'वडील आणि मुलगी यांच्या नात्याचा हृद्य शेवट डोळ्यांत पाणी आणतो.' मैत्रिणीने तयार परिचय त्यांनाही पाठवून ठेवला होता. मी फोनवर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. संपादक शांतपणे म्हणाले, "पान रिकामं कसं सोडणार? आणि नाव तर दर महिन्याला तुमचंच जातं." त्यांना खरोखर काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं. आयुष्यभर खराब माल बाजूला काढला आणि शेवटी माझाच शिक्का त्यावर बसला. तो अंक हातात धरवेना. हात साबणाने धुतले, हे सांगताना हसू येतं, पण धुतले.

आमच्या सोसायटीत तो अंक बऱ्याच घरी येतो. त्यानंतर मुलगी आली नाही. दोन दिवसांनी माझ्या दाराच्या कडीला एक पिशवी अडकवलेली दिसली. आत तिच्याकडची माझी सगळी पुस्तकं होती, तिने ठेवून घेतलेलं ते एक पुस्तकसुद्धा.

ती पिशवी बघून मात्र मला बसवेना. माझ्या लेखाचे कागद घेतले, समोरच्या विंगचे जिने चढले आणि बेल वाजवली. दार तिच्या बाबांनी उघडलं. तोंडभर हसले.

"या, या काकू. वाचलं तुमचं. फार छान लिहिलंय. शेवटाबद्दल तर अगदी मनातलं."

अंक टीपॉयवरच होता, माझं पान वर करून ठेवलेला. "ते मी लिहिलेलं नाही," मी म्हटलं. "नाव माझं घातलंय. मी काय लिहिलं ते वाचून दाखवायला आलेय." आणि न विचारता खुर्चीवर बसले. आतल्या खोलीचं दार जरासं उघडं होतं. मी मुद्दाम मोठ्याने सुरुवात केली.

"या पुस्तकातली मुलगी शेवटी वडिलांची माफी मागते. तिची चूक काय, ते पुस्तकभर सापडत नाही. तिला गच्चीवर उभं कुणी केलं होतं? सॉरी ती म्हणणार नाही. अशी कुठलीच मुलगी म्हणत नाही. ते वाक्य मोठ्या माणसांनी तिच्या तोंडात घातलं आहे, कारण ते स्वतःच्या तोंडून निघत नाही."

बाबांचं हसू तसंच राहिलं होतं, काढून ठेवायचं विसरल्यासारखं. "काकू," ते म्हणाले, "कादंबरी आहे ती."

"हो ना," मी म्हटलं. "कादंबरीतल्याच बापाबद्दल बोलतेय मी."

आतलं दार उघडलं. ती बाहेर आली. चेहऱ्यावर पेन्सिल लावलेली नव्हती, भुवयांच्या जागी नुसतं कपाळ होतं, आणि बाबांनी ते बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिलं. ती माझ्यासमोर, बाबांच्या शेजारी येऊन बसली.

"सुरुवात नीट ऐकू आली नाही आजी," ती म्हणाली. "पहिल्यापासून वाचा."