रागाची गोळी

भैयाजी बांतेच्या घरात एक भांडं सरळ नव्हतं. भाताच्या गंजाला पोचा, परातीला पोचा, लोट्याचं तोंड तर असं कललेलं की पाणी प्यायला मान वाकडी करावी लागे. पाहुण्यानं चुकून विचारलंच, तर रुखमिणी एकेक भांडं उचलून हिशेब द्यायची. "हा पोचा पोळ्याचा. हा बैल दावं तोडून पळाला त्या दिवशीचा. अन् हा, भाजीत मीठ कमी होतं." डाव्या भुवईवरची खूण मात्र ती कोणत्या दिवसाची ते सांगत नसे. ती उलथण्याची होती.

करडी गावाच्या पुढं, तलावाच्या पाळीखाली त्यांचं गाव. भैयाजी अंगानं वाळक्या काडीसारखा, पण हात सुटला की बाभळीचं खोड. धान चुरायची, म्हणजे मळणीची मशीन अडली, तर त्यानं तिला कुऱ्हाडीनं हाणलं होतं. बैलानं पाय दिला, तर त्यानं बैलाच्या कानाला चावा घेतला होता, आणि हे पाहणारे दोन साक्षीदार अजून गावात आहेत. लांबून त्याचा आवाज आला की लोक पोरं घरात घ्यायचे आणि म्हणायचे, "भैयाचा बीपी चढला, गा."

गावात बीपी म्हणजे राग. रोग यायच्या आधी शब्द आला होता. सासूचा बीपी, सरपंचाचा बीपी, माजावरच्या म्हशीचासुद्धा बीपी. त्यामुळे दोन वर्षांमागं शाळेत आरोग्य शिबिर भरलं आणि रिता सिस्टरनं भैयाजीच्या दंडाला पट्टा बांधून मशीनकडं दोनदा पाहिलं, तेव्हा सगळं गाव आधीच हसत होतं.

"काका, तुमचा बीपी हाय आहे," सिस्टर म्हणाली.

"हाय तं हाय. गावाले मालूम हाये."

"तसं नाही. खूप वाढलेला आहे. रोज सकाळी एक गोळी घ्यायची."

दहा गोळ्यांचं पान मिळालं. दहा सकाळी दहा गोळ्या गेल्या. अकराव्या दिवशी रुखमिणी उपकेंद्रात गेली, तर दाराला कुलूप. सिस्टरच्या वाट्याला सात गावं होती, या गावचा दिवस मंगळवार. मंगळवारी सिस्टर होती, गोळ्या नव्हत्या. त्यापुढच्या मंगळवारी गोळ्या होत्या, पण सिस्टर लसीकरणाला गेली होती. तालुक्याला, मोहाडीला जावं तर बसची वाट पाहण्यात सकाळ, रांगेत दुपार, आणि रोवणीच्या दिवसात बाईमाणसाचा दिवस असा वाया घालवला तर चिखल तिची वाट पाहत बसत नाही. महिन्यानं कसंबसं एक पान हाती आलं, तेव्हा रुखमिणीनं ते लुगड्याच्या पदरात बांधलं आणि नवरा-बायकोनं मिळून अक्कल चालवली. बीपी म्हणजे राग. गोळी बीपीची. मग राग नसताना कायले खर्चायची? राग आला की द्यायची.

तेव्हापासून भैयाजी ओरडू लागला की रुखमिणी पदराची गाठ सोडायची. तो गोळी गिळायचा आणि उरलेलं काम पुरं करायचा.

"गोळी घेतली ना आता? मंग थांबा ना," ती म्हणायची.

"सिस्टर म्हने, गोळी चढाले अर्धा घंटा लागते. तवरिक मले मोकळीक हाये."

आणि त्या मोकळ्या अर्ध्या तासात आणखी एखादं भांडं पोचायचं.

याच भैयाजीचा मोठा भाऊ गोपीचंद चिखल्याच्या मॅंगनीज खाणीत. बाप खाणीत होता. बाप गेल्यावर एकाला त्याची जागा मिळणार आणि एकाला घरचं वावर. वाटणीच्या दिवशी धाकट्याला तलावाखालचं धानाचं वावर आलं आणि थोरल्याला खाणीची धूळ, तेव्हा गावानं गोपीचंदची कीव केली होती. भैयाजीनं तर आनंदानं त्या दिवशी कोणालाच मारलं नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. ऑक्टोबर लागला, धान निसवलं, आणि तलावाचं शेवटचं पाणी सुटलं. या पाण्यावर लोंबीत दाणा भरतो, म्हणून त्या आठवड्यात गावात कोणी कोणाचं नसतं. भैयाजीच्या धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, लागून यादोरावची धानाची बांधी. यादोराव मऊ बोलणारा माणूस, बिडी मागतानाही हात जोडणारा. पण पाण्याची पाळी भैयाजीची असताना पहाटे त्यानं धुऱ्याला हातभर भोक पाडलं, आणि उजाडता उजाडता भैयाजीचं पाणी त्याच्या बांधीत खळखळ उतरताना भैयाजीनं पाहिलं.

रुखमिणीनं गाठ सोडली. भैयाजीनं गोळी तोंडात टाकली, ओंजळभर तलावाचं पाणी प्याला, आणि म्हणाला, "अर्धा घंटा."

फावड्याचा दांडा यादोरावच्या डोक्यावर यायचा तो त्यानं आडव्या धरलेल्या हातावर आला. वाळका बांबू फुटावा तसा आवाज झाला. यादोराव बांधीत पडला, तर भैयाजीनं त्याच्या मानेवर पाय दिला आणि तोंड चिखलात दाबलं. वर बुडबुडे येऊ लागले. रुखमिणी ओरडली, त्याचा सदरा फाडला, केस ओढले, शेवटी धुऱ्यावरचा दगड उचलून त्याच्या पाठीत घातला, तेव्हा कुठं पाय सुटला. यादोराव चिखल ओकत उठला, तुटलेला हात दुसऱ्या हातात धरून. भैयाजी धापा टाकत बसला आणि म्हणाला, "आता चढली गोळी."

ठाण्यात कोणी गेलं नाही. ठाणं लांब, आणि धुरा यादोरावनं फोडलेला. मारुतीच्या पारावर गाव बसलं. जुन्या लोकांनी भैयाजीला नारळावर हात ठेवायला लावला. यापुढं राग केला, तर पुढच्या वर्षी त्याच्या वावराला तलावाचं पाणी बंद. पाणी बंद म्हणजे धान बंद. भैयाजीनं नारळावर हात ठेवला तेव्हा त्याचा जबडा थरथरत होता, पण बोलला सगळं.

आणि नवल असं की त्यानं पाळलं. राग वर येऊ लागला की तो तलावाच्या पाळीवर जाऊन दात खात चालायचा आणि घाम गाळून परत यायचा. घरात महिनाभर भांडं पोचलं नाही. यादोरावला त्यानं स्वतःच्या हातानं चहा दिला. बाया रुखमिणीला म्हणू लागल्या, "काय वं, कोणतं औषध देल्लं?" औषध तर तिनं बंदच केलं होतं. राग नाही, मग गोळी कशाची? पदराच्या गाठीत तीन गोळ्या उरल्या होत्या, त्या तिनं तांदळाच्या डब्यात टाकून दिल्या. सकाळी त्याचं डोकं मागून दुखायचं. चांगुलपणाची सवय नाही, म्हणून दुखत असेल, असं तिला वाटायचं.

दिवाळीनंतर गोपीचंदच्या पोरीचं, टीनाचं साक्षगंध ठरलं. भैयाजी चुरण्यात अडकलेला, म्हणून रुखमिणी एकटीच चिखल्याला गेली. कॉलनीच्या क्वार्टरमध्ये पाहुण्यांची गर्दी, आणि मधोमध गोपीचंद व्याह्याच्या पाठीवर थाप मारून हसत होता. हसता हसता त्यानं हात पुढं केला. त्याच्या बायकोनं, चंद्रकांतानं, त्यावर बीपीची, तसलीच एक गोळी ठेवली. त्यानं ती गिळली आणि राहिलेलं हसू पुरं केलं.

रुखमिणीच्या हातची ताटं थांबली. जेठाशी, थोरल्या दिराशी, ती थेट बोलत नसे. तिनं चंद्रकांताला कोपऱ्यात ओढलं. "ताई, दादाजी कोनावर रागावले?"

"कोनावरच नाही. काहून?"

"मंग बीपीची गोळी काहून देल्ली?"

"रोजच देतो वं. तेरा वर्सं झाले. खानीच्या दवाखान्यात कार्ड हाये. नाही गेलं तं सिस्टर घरी मानूस धाडते." चंद्रकांता कौतुकानं कपाटातला डबा घेऊन आली. त्याला सात खण, खणांवर वार. "राग आन् बीपीचा काय संबंध? मुका मानूस असला तरी होते. आतल्या आत नस फोडते ते. यायच्या आईले तसंच झालं होतं ना."

सासू बोलता बोलता गेली होती. गावानं म्हटलं होतं, बाहेरचं लागलं. एकाच आईच्या पोटचे दोघं. एकाच्या हातावर रोज गोळी, आणि दुसऱ्याची तांदळाच्या डब्यात. रुखमिणीनं साक्षगंधाचं जेवण केलं नाही. चंद्रकांतानं दिलेलं एक पान पदरात बांधून ती मिळेल त्या गाडीनं तुमसर, तिथून करडी, आणि पुढं पायी सुटली.

भैयाजी खळ्यावर धानाच्या राशीजवळ बसला होता. चार माणसं होती, गळ्यात हात बांधलेला यादोराव होता.

"हे घ्या, आधी."

भैयाजीनं गोळी पाहिली, मग माणसं पाहिली. "कायले? म्या कोनावर रागावलो का?"

"रागाची नाही वो ते. रोजची हाये. दादाजी रोज घेतेत."

"तो खानीतला सायेब हाये."

एकजण हसून म्हणाला, "घे, भैया, घे. कबुली झाली, तं पाणी बंद. तेवढंच आमाले जास्त भेटन."

भैयाजीच्या मानेवरची शीर तटतटली. पण त्यानं आवाज चढवला नाही. गोळी सदऱ्याच्या खिशात टाकली आणि हळूच म्हणाला, "राग आला तं घेईन."

रुखमिणीनं घरी पाया पडून पाहिलं, शिव्या देऊन पाहिलं. त्याला वाटलं, गावानंच हिला शिकवून पाठवलं असेल, आपली परीक्षा पाहायला. तो जेवला आणि झोपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंगणात, उंबऱ्याजवळच्या खाटेवर उन्हात बसून चहा पीत होता. कुत्रं पायाशी होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं कुत्र्याला लाथ न मारता त्याच्या डोक्यावर हात ठेवला होता. तेवढ्यात पेला सुटला. गरम चहा मांडीवर सांडला, पण तो हलला नाही. तोंड उजवीकडं असं ओघळलं की रुखमिणीला वाटलं, वेडावून दाखवतो आहे. मग तो खाटेसकट उलटला. डोकं दगडी उंबऱ्यावर आपटलं, रक्ताची धार कुत्र्याच्या पाठीवर पडली. त्यानं आयुष्यभर जेवढं हाणलं होतं, ते सगळं कोणीतरी आतून एका दणक्यात परत केलं.

तिची किंकाळी ऐकून पहिला आला यादोराव. एका हातानं त्यानं ट्रॅक्टर काढला, ट्रॉलीत तणस टाकली. भंडाऱ्यापर्यंत रुखमिणी खड्ड्याखड्ड्याला नवऱ्याचं डोकं छातीशी आवळून धरत होती. दवाखान्यात डॉक्टरनं सदरा कापला, तेव्हा खिशातून गोळी पडली.

"ही कधी घ्यायची होती?"

रुखमिणीनं गोळी उचलून पदरात बांधली.

तीन आठवड्यांनी भैयाजी घरी आला. उजवा हात दोरीसारखा लोंबता, आणि तोंडात एकच शब्द, वेडपटाला द्यायची शिवी, उरलेला: "बयताड." भूक लागली, बयताड. ऊन आलं, बयताड. राग मात्र पुरा शाबूत. डॉक्टरनं बजावलं होतं, एक दिवसही गोळी चुकवायची नाही. पण रुखमिणीनं गोळी पुढं केली की तो दात आवळून घ्यायचा. मी रागावलो नाही, हेच तो डोळ्यांनी सांगायचा. त्याच्या डोक्यात अजून नारळ होता. तिनं नाक दाबून पाहिलं. चमचा दातांत घातला तर दाताचा तुकडा पडला, आणि डाव्या हाताचा ठोसा तिच्या डोळ्याखाली बसला. दुसऱ्या दिवशी तिनं त्याच्या छातीवर गुडघा टेकला, तर त्यानं मनगटाला रक्त येईस्तोवर चावा घेतला. हातात गोळी विरघळून गेली. ती भिंतीशी बसून रडली, आणि उठून पोचलेली परात तिनं स्वतःच आणखी एकदा आपटली.

तिसऱ्या सकाळी यादोराव कुडाजवळ उभा राहून पाहत होता. वाकडा जुळलेला हात खाजवत तो मऊ आवाजात म्हणाला, "भैया, तुहा बाप धुरा चोरत होता. तू पन चोर. बरं झालं पडला तं."

भैयाजीचे डोळे लाल झाले. अख्खी खाट हलली. "बयताड," त्यानं डरकाळी फोडली, पायाशी पडलेला लोटा डाव्या हातानं यादोरावच्या दिशेनं फेकला, आणि मग तोच हात रुखमिणीपुढं पसरला. राग आला होता. गोळी पाहिजे होती.

तिनं ठेवली. त्यानं गिळली.

"भाऊ," रुखमिणी घाबरून म्हणाली, "यायनं राग केला. पाण्याचं..."

"म्या काही पाह्यलं नाही," यादोरावनं कपाळावरचं टेंगूळ दाबत सांगितलं.

तेव्हापासून रोज सकाळी सातला यादोराव कुडाजवळ येतो आणि शिव्या देतो. बापापासून सुरुवात करून तो पणज्यापर्यंत पोचला आहे. मोहाडीहून महिन्याच्या गोळ्या तोच आणतो. एखाद्या दिवशी उशीर झाला, तर रुखमिणी हाक मारते, "भाऊ, वेळ झाली, या शिव्या द्याले."

परवा मंगळवार होता आणि सिस्टर खरंच आली. भैयाजीचा बीपी मोजून तिनं मान हलवली, बरा होता. गंमत म्हणून तिनं पट्टा यादोरावच्या दंडाला बांधला. मशीनकडं पाहिलं. हवा सोडून पुन्हा भरली, पुन्हा पाहिलं.

"तुम्ही कधी तपासलं होतं?"

"मी? मले कायचा बीपी, बाई. म्या जिंदगीत कोनावर हात उचलला नाही."

सिस्टरनं पिशवीत हात घातला. पिशवीत गोळ्या नव्हत्या. "पुढच्या मंगळवारी," ती हळू आवाजात म्हणाली.

खाटेवर भैयाजी डाव्या हातानं गोळ्यांचं पान फोडायला धडपडत होता. एका हातानं फुटेना, म्हणून त्यानं ते दातांत धरलं आणि फाडलं. थुंकी लागलेली एक गोळी त्यानं यादोरावपुढं धरली.

"बयताड," तो म्हणाला.