वरच्या खोलीतली गाडी

चंदगडच्या पावसात समोरचं काही दिसत नसताना एका हातानं काच पुसायची आणि दुसऱ्या हातानं गाडी रस्त्यावर ठेवायची, अशी वीरभद्रांनी उभी हयात एसटी चालवली. मूळचे ते गडहिंग्लजकडचे. नोकरी संपत आली तेव्हा साखरेच्या आजारानं एका डोळ्याची बाजूची नजर गेली, तपासणीत ते नापास झाले आणि त्यांना आगारात बसून करायचं काम मिळालं. स्टिअरिंगवरून उतरले ते असे, एका साध्या दुपारी. शेवटची फेरी, हार, नारळ, प्रवाशांचा निरोप, काही नाही. निवृत्तीनंतर कोल्हापुरात कळंब्याला घर बांधून ते आणि बायको गंगव्वा राहायला आले. शेजारीपाजारी त्यांना शांत माणूस म्हणत. ते शांत नव्हते, त्यांना करायलाच काही नव्हतं.

मुलगा वीरेश बेंगळुरूला नोकरीला गेला तेव्हा त्याचा गेम खेळायचा कॉम्प्युटर वरच्या खोलीत तसाच राहिला. दिवाळीला आला तेव्हा त्यानं अप्पांना खुर्चीत बसवलं, टेबलाला एक स्टिअरिंग जोडलं, पायाशी ब्रेक आणि अॅक्सिलरेटर ठेवला आणि बस चालवायचा गेम लावून दिला. रस्ता परदेशातल्या कुठल्याशा डोंगरातला होता, पण बस लाल होती. कुणी हौशी माणसानं हुबेहूब एसटी बनवून त्यात घातली होती. वीरभद्रांनी नाक मुरडलं, गिअर हलका आहे म्हणाले, हॉर्नला दम नाही म्हणाले. वीरेश परत गेल्यावर मात्र ते रोज दुपारी जेवण झालं की वर जाऊ लागले.

ही गोष्ट घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हती. सकाळी तलावाभोवती फिरायला सोबत येणारा कृष्णात मोबाइलवर खेळणाऱ्या माणसांना रिकामटेकडी म्हणायचा. त्यामुळे दुपारी काय करता असं त्यानं विचारलं, की वीरभद्र म्हणायचे, कॉम्प्युटरवर प्रवचन ऐकतो.

थंडीत सगळं ठीक चाललं. होळी झाली, ऊन चढलं आणि एका दुपारी घाटाच्या मधोमध पडदा काळा झाला. कॉम्प्युटर आपोआप बंद पडला होता. थोड्या वेळानं सुरू केला तर फेरी पुन्हा पहिल्या स्टँडपासून. पुन्हा प्रवासी भरले, पुन्हा घाट चढायला घेतला, पुन्हा त्याच वळणांवर अंधार. पुढे हे रोजचंच झालं. घाटाचा माथा काही दिसेना.

वीरेश फोनवर म्हणाला, गरम होत असेल, धूळ साफ करा. वीरभद्रांनी कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवून पाहिला. बोनेट तापलं की हात टेकवत नाही, हे त्यांना माहीत होतं. हा डबा तर कोमट लागत होता.

"हाताला लागत न्हाय, आणि गरम हाय म्हणतोस?" ते फोनवर म्हणाले.

"आत तापतंय अप्पा. चिप तापते. बाहेरनं न्हाय कळत."

बाहेरून न कळणारा ताप त्यांना पटेना. इंजिन तापलं की काटा चढतो, वास येतो, वाफ येते. गाडी आधी सांगते आणि मग थांबते. हे यंत्र काही न सांगता तोंड फिरवत होतं. तरी त्यांनी डबा उचलून कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेला आणि टायरच्या हवेनं धूळ उडवून घेतली. हवेचा जोर असा, की एका पंख्याचं पातंच तुटलं. आता डबा बंद पडायच्या आधी खडखडू लागला. वीरेशला हे सांगितल्यावर तो फोनवर म्हणाला, आता तुम्ही कशाला हात लावू नका. लहान पोराला बोलावं तसं तो बोलला, हे वीरभद्रांना लागलं.

मग राजारामपुरीतलं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. दुकानदार धैर्यशील वागायला नम्र होता. त्यानं पंखा बदलला, चिपवरची वाळलेली पेस्ट काढून नवी लावली, आणि त्यांच्यासमोर तोच बसचा गेम लावून ठेवला. दुकानात एसी होता. गेम चालू राहिला. वीरभद्र स्टुलावर बसून घाटात उभी असलेली आपली रिकामी बस बघत राहिले. बंद पडायचं नाव नाही. रिक्षातून डबा मांडीवर घेऊन घरी आणला, जोडला, आणि त्याच दुपारी घाटात तो मेला.

परत नेला. दुकानात पुन्हा ठणठणीत. घरी पुन्हा अंधार. तिसऱ्या खेपेला धैर्यशीलनं अगदी सौम्यपणे विचारलं, "काका, तुमच्याकडनं चुकून बटण तर दाबलं जात न्हाय ना?" वीरभद्रांनी डबा उचलला आणि सरळ रिक्षा गाठली. इतकी वर्षं पन्नास-साठ माणसांचा जीव हातात घेऊन फिरलेल्या माणसाला हा बटणाचा प्रश्न.

तो सगळा राग घरी आल्यावर गंगव्वावर निघाला. कॉम्प्युटर ठेवायला तिनं सुताराकडून कपाटवजा टेबल करून घेतलं होतं. डबा त्याच्या खालच्या खणात बसायचा, मागं प्लायवूड, आणि वर तिनं स्वतः भरतकाम केलेला रुमाल घातलेला. वीरभद्रांनी तो रुमाल ओढून जमिनीवर फेकला. तुझ्या या चिंध्यांनी यंत्र गुदमरतंय म्हणाले, घरात प्रत्येक वस्तूला कपडे घालायची तुला खोड आहे म्हणाले. मग डबा खणातून बाहेर ओढला, त्याचं एका बाजूचं झाकण काढलं, समोर टेबलफॅन लावला आणि बसले. या खेपेला दोन वळणं जास्त गेली. मग पुन्हा अंधार.

गंगव्वा दारातच उभी होती. रुमाल उचलून, झटकून, घडी करून खाली निघून गेली. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. त्या रात्री ती जेवणाचं ताट वाढून निघून गेली आणि त्यांनी भाकरी अर्धी टाकली.

शेवटी त्यांनी धैर्यशीलला फोन केला आणि पहिल्यांदाच जरा पडेल आवाजात म्हणाले, एकदा घरी येऊन बघाल का. तो भर दुपारी आला. जिना चढून वरच्या खोलीत पाऊल टाकलं आणि दारातच थबकला. वर पत्रा होता, पश्चिमेची भिंत तापलेली. त्यानं कॉम्प्युटरला हातसुद्धा लावला नाही, आधी कपाळावरचा घाम पुसला.

"काका, कॉम्प्युटरला काय झालेलं न्हाय. ही खोलीच भट्टी हाय. टेबलफॅन ह्यातलीच गरम हवा त्याच्यावर मारतोय. तुम्ही बसता कसं हितं?"

एक तर इथं एसी बसवा, नाहीतर कॉम्प्युटर खालच्या हॉलमध्ये खिडकीपाशी न्या, असं त्यानं सांगितलं. त्या बटणाच्या प्रश्नाबद्दल जाता जाता माफीही मागितली. उत्तर इतकं साधं होतं की वीरभद्रांचा आणखीनच संताप झाला. पत्र्याखालची उन्हाळ्यातली केबिन त्यांना काय नवी होती? सारी नोकरी त्यांनी तसल्याच उकाड्यात काढली होती. म्हणून तर खोली तापलीय हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

आणि खाली नेणं म्हणजे हॉल. दार सदा उघडं, येणारं-जाणारं माणूस थेट आत. निवृत्त ड्रायव्हर खोट्या स्टिअरिंगला धरून खोटी बस चालवतोय, हे सगळ्या कॉलनीनं बघायचं. त्यांनी कॉम्प्युटरचं नाव टाकलं. दुपारी ते झोपायला लागले, आणि झोप न येता नुसते कुशी बदलायला लागले. चहा पातळ झाला म्हणून चिडायचे, वर्तमानपत्र उशिरा आलं म्हणून चिडायचे.

आठवडाभर हे सोसल्यावर गंगव्वानं कॉलनीतल्या दोन माणसांना बोलावून टेबल, डबा, पडदा सगळं खाली आणवलं आणि खिडकीपाशी मांडलं. वीरभद्र झोपेतून उठून येईपर्यंत काम झालं होतं.

"कुणाला विचारून केलंस?"

"कुणाला विचारायचं? तुम्ही दिवसभर माझ्यावर चिडताय. त्यापरास बस चालवा की."

ते बसले ते रागानंच. पहिला स्टँड सुटला. अर्ध्या वाटेवर असताना कृष्णात काही कामानं आला आणि त्यांच्या मागं येऊन उभा राहिला. वीरभद्रांचे कान तापले. आता हा प्रवचनाचं विचारणार. कृष्णातनं ते विचारलं नाही. तो घाटाची वळणं बघत राहिला आणि म्हणाला, गाडी बाहेरनं जास्त घेताय, दरीकडं चाललीय. वीरभद्रांनी त्याला वाहन चालवण्याबद्दल दोन शब्द सुनावले. त्यावरून दोघांत वाद झाला. गंगव्वानं मधेच येऊन ही बस इतकी मोकळी कशी, आणखी माणसं का घेत नाही, असं विचारलं, तिलाही त्यांनी गप्प केलं.

त्या नेहमीच्या वळणावर त्यांनी श्वास रोखला. पडदा उजळच राहिला. पुढचं वळण, त्याच्या पुढचं. डब्यातला पंखा जोरात घोंघावत होता, पण चालू होता. माथ्यावर बस आली तेव्हा पलीकडे एक हिरवं खोरं उघडलं. ते त्यांनी आजवर पाहिलेलं नव्हतं.

"आता उतार हाय," कृष्णात म्हणाला. "गिअर पाडा."

"मला शिकवू नका," वीरभद्र म्हणाले, आणि त्यांनी गिअर पाडला.