आधी मोजे काढ

आमच्या बेटावर तिशीच्या आतलं जे कोणी भेटेल, त्याला जगात सगळ्यात आधी हात लावला तो गुन्वोरने. सुईण म्हणून तिचा दरारा असा, की धक्क्यावर शिव्यांची लाखोली वाहणारे कोळी तिच्या प्रसूतिगृहात चवड्यांवर चालतात. मी टोर्लाइफ, कॉड मासे पकडणाऱ्या बोटीवर असतो. मीही तसाच चाललो.

बाळ जन्मल्याबरोबर आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं, हे आमच्याकडे तिनेच रुजवलं. त्यापायी ती डॉक्टरांशीही भांडली होती. म्हणून तर मार्चमधल्या त्या सकाळी तिने जे केलं, ते मला सहनच होईना.

आमचा मुलगा रडला आणि सोलरुनच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, छातीवर निवांत पडला. माझी आई बोर्गहिल्ड नोव्हेंबरपासून विणून ठेवलेले लोकरीचे मोजे घेऊन टपूनच बसली होती. तिने ते चढवलेसुद्धा.

"पाय निळे पडलेत गं पोराचे. थंडी, दुसरं काय! टोर्लाइफचेही असेच होते."

"बोर्गहिल्ड, आधी मोजे काढ," गुन्वोर म्हणाली.

"अगं, गारठेल ना!"

"काढ म्हणते ना! माझं मोजून होईपर्यंत त्या पायांवर तुझा हक्क नाही."

उजवा हात आणि एक पाय, दोन्हीकडच्या रक्तातला प्राणवायू मोजल्याशिवाय ती कुठल्याच बाळाला सोडत नाही. हातावर चौऱ्याण्णव टक्के आलं. पायावर एक्याऐंशी. तिने दुसऱ्या पायावरही मोजून पाहिलं. तेच. बाळाच्या नाकपुड्या भराभर फुलत होत्या.

तिने त्याला सोलरुनच्या छातीवरून उचललं, उबदार पाळण्यात ठेवलं आणि प्राणवायू सुरू केला.

"दे ना मला त्याला," सोलरुन रडायला लागली.

"नाही."

माझं डोकंच फिरलं. "आईपासून तोडतेस? आयुष्यभर सगळ्यांना काय शिकवलंस मग?"

"हळू बोल," ती म्हणाली. "पोटात असताना फुप्फुसांना काम नसतं. रक्त त्यांना वळसा घालून जातं. जन्मल्यावर तिथल्या रक्ताच्या नळ्या सैल पडायला हव्यात. याच्या अजून आवळलेल्याच आहेत. तिथला दाब उतरत नाही, म्हणून रक्त जुन्याच वाटेने पळतंय. उजव्या हाताला त्या वाटेच्या आधीचं चांगलं रक्त मिळतं, पायांना भेसळीचं. हा दचकला, रडला, गारठला, की नळ्या आणखी आवळतील. म्हणून कोणी हात लावायचा नाही. आणि तू तर तोंडही उघडायचं नाहीस."

तिने फोनवर डॉक्टरांना सगळं सांगितलं, मोठ्या दवाखान्यात न्यायला विमान मागवलं. वाऱ्यामुळे ते सुटेना. चार तास! तिने पडदे ओढले, फोनचा आवाज बंद केला आणि स्टुलावर बसली. माझ्या आईने स्वतःचे हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

पायाचा आकडा चौऱ्याहत्तरवर आला.

"काहीतरी कर ना," मी कुजबुजलो.

"करतेय. बसलेय."

मला तिचा भयंकर राग आला. मग तिच्या हातांकडे लक्ष गेलं. प्राणवायू वाढवायचा तेवढ्यापुरताच हात पुढे जायचा. एरवी दोन्ही हात तिने गुडघ्यांमध्ये घट्ट दाबले होते, बोटं पांढरी पडेपर्यंत. उचलून पोटाशी धरावंसं तिला आमच्याइतकंच वाटत होतं. त्या क्षणापासून मी या बाईचा गुलाम आहे, हे मी कुणापाशीही कबूल करेन.

विमान दुपारी उतरलं. जागा एकच होती, त्यामुळे सोलरुन बाळाबरोबर गेली. मोठ्या दवाखान्यात त्याला श्वासाच्या नळीतून त्या आवळलेल्या नळ्या सैल करणारा वायू देत होते. तीन दिवस मी प्रसूतिगृहाच्या स्वयंपाकघरात गुन्वोरची कॉफी पीत बसलो. बोटीवर गेलोच नाही.

चौथ्या दिवशी सोलरुनचा फोन आला. मी बोलणार तोच गुन्वोरने तो हिसकावला.

"पाय किती?"

"शहाण्णव. हात सत्त्याण्णव. श्वासाची नळीही काढली."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"आता घेतलं तरी चालेल म्हणाले. पण मला भीती वाटतेय गं."

"मग फोन काय धरून बसलीस? ठेव तो, आणि घे त्याला."

फोन बंद झाला. गुन्वोर मटकन खुर्चीत बसली आणि ढसाढसा रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"तिच्या अंगावरून मीच उचललं होतं रे त्याला," ती म्हणाली.