पायातलं ओझं

हे लिहायला मी बसावं का, हे मला अजून नीट कळलेलं नाही. सिदूतात्यांचा मी नातेवाईक नाही, त्यांच्या गावचा नाही, आणि परीक्षेच्या पेपरापलीकडे मला लिहिण्याची सवयही नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे छापून येईल असं काही लिहिताना हात अडखळतो. तात्यांना जाऊन आता दोन महिने होत आले. त्यांच्याबद्दल कुणी जाणकाराने लिहिलं असतं, तर मी ते वाचून गप्प बसलो असतो... पण कुणी लिहिणार नाही, हे माहीत आहे. काही चुकीचं उतरलं तर वाचकांनी आणि त्यांच्या घरच्यांनी माफ करावं.

तात्यांचं दुकान मलकापुरात, हायवेच्या सर्व्हिस रोडला होतं. चाकांचं अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि पंक्चर. मूळचे जत तालुक्यातले. लहानपण मेंढरांमागे गेलं, मग फौजेत गाड्यांच्या दुरुस्तीवर नोकरी झाली. पत्नी वारल्यावर ते दुकानामागच्या खोलीत एकटेच राहायचे. मुलगी महादेवी त्यांच्या मूळ गावातच दिलेली, ती बोलवायची, पण ते जायचे नाहीत. मी शिराळ्याकडचा. कॉलेजसाठी त्यांच्या शेजारची खोली मी भाड्याने घेतली होती. वर्गातली मुलं आपसात भराभर इंग्रजी बोलायची, आणि मी मनात वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. शनिवारी कधीतरी लक्षात यायचं की, आठवडाभर आपण मेसच्या मावशींशी ‘भात नको’ एवढंच बोललो. तात्यांचंही तसंच असावं, कारण गिऱ्हाईक बोलायचं ते फक्त गाडीबद्दल. संध्याकाळी आम्ही दोघं दुकानाच्या पायरीवर बसायचो. फार बोलायचो असंही नाही... पण बसायचो.

दुसऱ्या वर्षी मी कॉलेजच्या रेसिंग कारच्या टीममध्ये शिरलो. एकच माणूस बसेल अशी, जमिनीलगतची छोटी स्पोर्ट्स कार मुलांनीच बनवायची आणि स्पर्धेला न्यायची. माझ्याकडे चाकं आली, कारण ते काम कुणाला नको होतं. सगळ्यांचा हट्ट तेरा इंची, रुंद, चकचकीत अलॉय चाकांचा होता. खरं सांगायचं तर मलाही तीच आवडली होती. त्यातलं एक चाक मी तात्यांना दाखवायला नेलं. त्यांनी ते लोकर तोलायच्या जुन्या ताणकाट्याला अडकवलं, काट्याकडे बघितलं आणि विचारलं, “लग्नाला चाललीया का रं गाडी?”

“का हो तात्या?”

“नटलीया लय.”

मला राग आला. मी म्हणालो, बाकीची गाडी आम्ही हलकी केलीय, चाकात दोन-तीन किलो जास्त गेले तर काय बिघडलं? तेव्हा त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. “ह्ये बघ इंजिनेर. कोकरू खांद्यावर टाकून मी दिवसभर चाललोय, काय वाटलं न्हाई. पर काळ्या रानात पाऊस झाला आन् चपलंला चिखुल चिकटला, की पाय उचलंना झाला. मेंढरू डावीकडं पळालं तरी आपुन उजवीकडंच!” मग त्यांनी चाक एका दांड्यावर बसवून जोरात फिरवलं, दांड्याची दोन्ही टोकं माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “आता वळीव.” मी दांडा वळवायला गेलो, तर चाक ऐकेना. माझी मनगटं भलतीकडेच जायला लागली, आणि तात्या कमरेवर हात ठेवून हसत उभे.

नंतर पुस्तकात मला हेच सापडलं, समीकरणांसकट. गाडीचं अंग स्प्रिंगवर तोललेलं असतं, चाक स्प्रिंगच्या खाली. जड चाक उंचवट्यावरून उडालं की स्प्रिंगला ते लगेच खाली दाबता येत नाही, आणि जो टायर जमिनीवर नाही तो वळवतही नाही, थांबवतही नाही. शिवाय चाक नुसतं वाहून न्यायचं नसतं, फिरवायचंही असतं आणि थांबवायचंही. त्यात वजन कडेला असलं तर ते जास्त भारी पडतं. तात्यांच्या भाषेत, “किलो कमी कराचा तर शिटाखालचा नगं, चाकाचा कर. त्यात बी कडंचा कर.”

मी हलक्या, दहा इंची चाकांचा आग्रह धरला. आमचा कॅप्टन सगळ्यांसमोर म्हणाला, “मग मीटर पण बसव. रिक्षाच होतेय ना?” दोन दिवस मला सगळे रिक्षावाला म्हणत होते. त्यात माझी चूक अशी की, लहान चाकात ब्रेकची डिस्क मावते का, हे मी बघितलंच नव्हतं. ती मावली नाही. मी तोंड पाडून दुकानात आलो, तर तात्या म्हणाले, “घर ल्हान बांधल्यावर पलंग बी ल्हानच आणावा लागतोय, गड्या.” तीन आठवडे आम्ही ब्रेकची बैठक नव्याने आखत होतो. शेवटी कॉलेजच्या मैदानावर पाण्याच्या बाटल्या ओळीने मांडून दोन्ही चाकं लावून बघितली. मोठ्या चाकांवर गाडी प्रत्येक वळणाला क्षणभर उशिरा वळायची आणि बाटल्या आडव्या व्हायच्या. चालवणाऱ्याचे दंड भरून आले. लहान चाकांवर सरळ पट्टीतला वेग थोडा कमी पडला, पण सगळ्या बाटल्या उभ्या राहिल्या. रिक्षावाला म्हणणं त्या दिवशी बंद झालं.

आता जे लिहायचं आहे, त्यासाठीच खरं तर हे सगळं लिहिलं... स्पर्धेत परीक्षकांनी चाकांबद्दल विचारलं. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत चिखल लागलेल्या चपलेचं उदाहरण दिलं. एक परीक्षक खुश होऊन हसले. “हे कुठं शिकलास?” त्यांनी विचारलं. शेजारी टीम उभी होती, समोर कॉलेजच्या चॅनेलसाठी कॅमेरा चालू होता. मलकापूरच्या पंक्चरच्या दुकानात, असं मला म्हणता आलं नाही. “पुस्तकात वाचलं,” मी म्हणालो.

परत आलो तर तात्या पायरीवरच होते. “इचारलं का कुनी चाकाचं?”

“हो.”

“मग?”

“तुमचं नाव सांगितलं तात्या.”

ते उठून आत गेले आणि आधीच सैल असलेला एक नट उगाच फिरवत राहिले. दुसऱ्या दिवसापासून येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायला लागले, “कॉलेजच्या पोरानं मोठ्या सायबांपुढं माझं नाव घेतलं.” ते कानावर पडू नये म्हणून मी मागच्या बोळातून जायला लागलो. पायरीवर बसणं सुटलं. त्यांनी दोनदा हाक मारली, मी अभ्यास आहे म्हणालो. पुढच्या वर्षी त्यांचे गुडघे गेले. दुकान बंद करून महादेवी त्यांना गावी घेऊन गेली. त्या दिवशी मी कॉलेजात होतो. म्हणजे, मुद्दाम थांबलो होतो.

शिक्षण संपल्यावर मी सांगलीच्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून लागलो. इथून जत लांब नाही. रविवारी जायचं, समोर बसून खरं ते सांगायचं, असं मी पुष्कळदा ठरवलं. एकदा तर स्टँडवर जाऊन जतच्या गाडीत बसलोही होतो. तोंडातल्या तोंडात वाक्य जुळवत होतो... कंडक्टर चढायच्या आत उतरलो आणि खोलीवर येऊन झोपून राहिलो.

मग एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, अनोळखी नंबरवरून फोन आला. “शिराळ्याचं इंजिनेर न्हवं का तुमी? मी महादेवी. तात्यांची लेक. मेसच्या मावशींकडनं नंबर घेतला बगा.”  तीच बोलत राहिली. “तुमचा त्यो चाकांचा व्हिडिओ मीच दावला हुता त्यास्नी, माझ्या फोनवर. तुमी बुक म्हणालासा, त्ये इंग्रजी त्यास्नी कळलं. फौजेतलं न्हवं का.”

“ताई, मी...”

“आवं ऐका तर. लय हसलं. म्हणालं, ‘पुस्तकात बी तेच लिवलंय, म्हंजे आपलं बरूबर हाय की गं!’ दोनदा बघितला. गल्लीत समद्यांस्नी दाखवाय लावला मला.”

एवढ्या दिवसांनी छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. डबा तसाच ठेवून मी उभा राहिलो. “ताई,” मी म्हणालो, “जरा तात्यांना फोन देता का? मला बोलायचंय त्यांच्याशी.”



“आवं... त्येच सांगाय फोन केला. तात्या गेलं. आज सतरावा दिवस.”