वरण तपासणारी गल्ली

आमच्या हिच्या मामांनी आयुष्यात कुठल्या गोष्टीवर पहिल्या झटक्यात विश्वास ठेवला असेल, तर तो फक्त स्वतःच्या संशयावर. एसटीत तिकीट तपासनीस होते, आणि निवृत्त होताना ती नोकरी तेवढी सोबत घरी घेऊन आले. दूधवाल्याने माप काठोकाठ भरलं तर त्याला दारात उभं करून विचारतात, "आज जास्त का देऊन राह्यला?" लग्नाआधी मी त्यांच्या पाया पडायला जाफराबादला गेलो, तेव्हा आशीर्वादाचा हात डोक्यावर येण्याआधी प्रश्न आला, "जालन्याहून कोन्त्या गाडीनं आलात?" मी सांगितलं. मग हिला आत बोलावून म्हणाले, "ती गाडी भोकरदनला थांबते. हे तिथं उतरल्ते का, विचार." भोकरदनला उतरून मी काय दिवे लावणार होतो, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

अशा माणसाने गल्लीतल्या म्हाताऱ्यांसाठी सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर काढायचं ठरवलं, तेव्हा संशय घ्यायची पाळी आमची होती. गल्लीतली पोरंबाळं पुण्याकडे गेलेली. मागे राहिलेल्यांना एकट्यापुरती चूल पेटवायचा कंटाळा. मामा मात्र याला कंटाळा म्हणायला तयार नव्हते. "खोटं बोलून राह्यलेत सगळे. जेवलो म्हन्तात, अन् भांडी कोरडी ठनठनीत." यातले पहिले संशयित म्हणजे लतीफभाई. मामांच्या तपासणीच्या जीपचे हे ड्रायव्हर. बायको गेल्यापासून चहा आणि टोस्टवर दिवस काढत होते, सदरा अंगावर लोंबायला लागला होता. मामांनी पाठवलेला डबा उघडून न बघता परत यायचा, वर निरोप, "साहब, मेरा खाना हो चुका." माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला होता आणि मामांना ते बघवत नव्हतं. फक्त हे बोलून दाखवायचं त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

गल्लीच्या टोकाला मामांचं दोन खोल्यांचं जुनं माळवदाचं घर होतं. त्यात कडबा आणि मोडकी अवजारं भरलेली. पैसा जेमतेम, म्हणून जे मिळेल त्यावर काम भागवायचं ठरलं. पण फुकट मिळालेली वस्तू मामांच्या हिशेबी आरोपीच. एका दुकानदाराने उरलेल्या फरशा देऊ केल्या, तर मामा एकेक फरशी कानाशी धरून नाण्याने वाजवत बसले. "फुकट देऊन राह्यला म्हंजे काहीतरी भानगड हाय." भानगड एवढीच होती की कुठल्याच दोन फरशा एका रंगाच्या नव्हत्या. जमीन गोधडीसारखी दिसायला लागली. माळवदावर पसरायची पांढरी माती आली, ती तळहातावर भिजवून, चोळून, वास घेऊन मगच वर चढली. गवंडी सिमेंट कालवायला लागला की समोर खुर्ची टाकून बसायचे. शेवटी तो बिचारा म्हणाला, "मामा, सावलीत बसा बिनघोर. मी सिमेंट खात न्हाई." मामांनी खुर्ची सावलीत नेली आणि तोंड त्याच्याकडेच ठेवलं. कुणी ज्वारीचं पोतं दिलं तर कोपरापर्यंत हात घालून तळाची ज्वारी वर काढायचे, आणि ती चांगली निघाली की जरासे हिरमुसायचे.

दारावर पाटी लावू दिली नाही. पाटी लावली की शेजारी एखाद्या पुढाऱ्याचा फोटो येऊन चिकटेल, ही भीती. झालं भलतंच. पाटी नाही म्हणून गल्लीला शंका आली. कोण खर्च करतंय, कशासाठी करतंय, उद्या काय मागणार. मामांनी इतकी वर्षं गल्लीला जे शिकवलं ते गल्लीने नेमकं पहिल्या जेवणाच्या दिवशी वापरलं. स्वयंपाकाला ठेवलेल्या कांताबाईंनी भाकरी थापून ठेवल्या, वरणाला फोडणी दिली, आणि जेवायला एक माणूस आला नाही. वरण निवत गेलं. रंगीबेरंगी फरशीवर मी आणि मामा दोघेच. लतीफभाई समोरच्या ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत होते. मला फार वाईट वाटलं. मामा म्हणाले, "दान समजून राह्यले हे. दान कोन खाईल? मी तरी खाल्लं असतं का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दारोदार गेले. जेवायला या, असं एकालाही म्हणाले नाहीत. आवाज खाली आणून म्हणाले, "कांताबाई डाळ कमी अन् पानी जास्त घालून राह्यली, असा डाऊट हाय मला. माझी तर जीभ गेली. जरा तपासून सांगता का?" दुपारी खोली भरली. त्या गल्लीत कुणी उपाशी राहील, पण दुसऱ्याच्या स्वयंपाकातली चूक काढायची संधी सोडणार नाही. पाटलीणबाईंनी भाकरीचा पापुद्रा उचलून बघितला. निवृत्त मास्तरांनी वरण दोनदा मागून घेतलं, खात्री करायला. लतीफभाई सगळ्यांच्या मागून आले, भिंतीशी बसले, सावकाश जेवले आणि गंभीरपणे म्हणाले, "साहब, नमक कम है."

"मंग उद्या परत यावं लागंल, लतीफभाई. एका दिवसावर केस होत न्हाई."

इकडे कांताबाई भडकलेल्या. "माझ्या वरनाला गावभर बदनाम करून आले?" मामा त्यांना मागच्या दारी घेऊन गेले आणि हात जोडून म्हणाले, "लतीफभाईच्या वाटीत रोज मीठ कमीच पडू द्या. बिलकुल कमी." कांताबाई म्हणाल्या, "माझ्या हातानं अळणी वरन कधी झालं न्हाई." पण त्यांनी ते केलं. लतीफभाई रोज आले, रोज तक्रार करून ताट पुसून जेवले, आणि सदरा हळूहळू अंगाला बसायला लागला.

मागच्या दिवाळीत लतीफभाईंचा मुलगा त्यांना कायमचं पुण्याला घेऊन गेला. जायच्या दिवशी मामा स्टँडवर गेले नाहीत. बॅगा नीट मोजल्या का, एवढंच विचारायला मला पाठवलं. परवा मी जाफराबादला असताना मामांनी त्यांना फोन लावला. फोन नेहमी स्पीकरवर, साक्षीदार असावा म्हणून.

"जेवन कसं हाय?"

"बहू अच्छा बनाती है, साहब."

"अन् मीठ?"

"बराबर रहता है."

मामांनी फोन ठेवला. मी म्हटलं, "चला, नीट चाललंय त्यांचं." त्यांनी मान हलवली. "लतीफ कुनाच्या वरनाला बराबर म्हन्नारा मानूस न्हाई. परत खोटं बोलून राह्यला." मग थोड्या वेळाने विचारलं, "सकाळची पुन्याची गाडी सुटते का अजून?"

मी हो म्हटलं. गुडघ्यांमुळे मामांना एसटीची पायरी चढवत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तरी त्यांनी ती गाडी वाटेत कुठे कुठे थांबते ते मला विचारलं, आणि मी एकेक गाव सांगत बसलो.